दात, हिरड्या आणि वेळेवरचे उपचार : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावांतून, तसेच गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडून जे प्रश्न आमच्या दवाखान्यात पुनःपुन्हा येतात, ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे घेतले आहेत. आपल्याकडे दाताचा रुग्ण बहुधा उशिरा येतो. दुखणे मध्येच थांबते आणि बरे झाले असे त्याला वाटते, हे त्याचे मुख्य कारण आहे. उत्तरे लिहिताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर होती. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काहीच दुखत नसताना दातांच्या डॉक्टरांकडे कशाला जायचे?

दाताच्या सर्वांत वरच्या कठीण थराला, म्हणजे एनॅमलला, संवेदना नसते. कीड त्या थरात असते तोवर काळा ठिपका दिसला तरी दुखत नाही. ती आतल्या थरात शिरली की थंड आणि गोड लागताच कळ येते, आणि नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडवणारा ठणका सुरू होतो. पहिल्या दोन टप्प्यांत बहुधा एका बैठकीत सिमेंट भरून काम भागते; तिसऱ्या टप्प्यात रूट कॅनाल आणि कॅप लागते (प्रश्न ९), आणि त्याही पुढे गेल्यास दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून वर्षातून एकदा, आणि मधुमेह, तंबाखू किंवा हिरड्यांचा जुना आजार असल्यास दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. तालुक्याच्या गावी बाजाराला किंवा बँकेच्या कामाला जाणे होतेच. त्याच फेरीत अर्धा तास दातांसाठी काढता येतो.

२. कोणती पेस्ट वापरावी? कडुनिंबाची काडी किंवा राखुंडी चालेल का?

पेस्टच्या नावापेक्षा तिच्यातील फ्लोराइड महत्त्वाचे आहे. नळीवर फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएम किंवा त्याहून अधिक लिहिलेले असावे. दोन वेळा घासावे, आणि त्यांतील रात्रीची वेळ कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण सैल पडते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत. फ्लोराइड दातांवर थोडे राहू द्यावे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

कडुनिंबाची किंवा करंजाची काडी नीट चावून वापरल्यास पुढचे दात स्वच्छ होतात; मात्र ती मागच्या दाढांच्या फटींत पोहोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते. राखुंडी, जाड मीठ, कोळसा आणि विटेची पूड यांनी दात घासले नव्हे, तर खरवडले जातात. अशा रुग्णांच्या दातांच्या मुळाशी आडव्या खाचा पडलेल्या आम्ही नेहमी पाहतो.

३. आई चाळीस वर्षे मशेरी लावते. लावली नाही तर तिला सकाळी पोट साफ होत नाही आणि डोके दुखते. म्हणजे ती औषधच नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि बहुतेक वेळा तो लेक किंवा सून विचारते. मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजून हाताने चुरली की मशेरी होते, आणि ती बोटाने हिरड्यांवर चोळताना निकोटीन तोंडाच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जाते. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे ‘पोट साफ होते’ हा अनुभव खरा आहे. न लावल्यास डोके दुखते हेही खरे आहे. मात्र ती व्यसनाची खूण आहे. अशा आजींच्या उजव्या हाताची तर्जनी पेराशी कायमची तपकिरी झालेली असते, आणि बोट रोज जेथे टेकते नेमक्या त्याच जागी हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडलेले किंवा गालाच्या आत पांढुरका चट्टा आलेला असतो. पुढे कर्करोग होतो तोही बहुधा अशाच जागी. गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

दंतमंजन आणि पेस्ट यांत तंबाखू वापरण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी या बंदीत सापडत नाही. आईवर चिडून डबी फेकून दिल्याने सवय सुटत नाही, उलट ती लपवून लावू लागते. दिवसातील वेळा हळूहळू कमी करणे, पोटासाठी पाणी, पालेभाजी आणि सकाळचे चालणे वाढवणे, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा आधार घेणे हा मार्ग अधिक टिकतो. तोवर तोंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. काय पाहायचे ते प्रश्न १६ मध्ये आहे.

४. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येते, म्हणून ब्रश सोडला. दात साफ करून घेतले तर ते ढिले होतात असे म्हणतात, ते खरे का?

रक्त येते ते हिरडीला सूज असल्यामुळे, आणि सूज असते ती दाताच्या कडेला साचलेल्या थरामुळे. ब्रश सोडल्यास थर वाढतो आणि रक्तही वाढते. मऊ ब्रशने हिरडीच्या कडेवरून हलक्या हाताने घासत राहावे. साचलेला थर कडक होऊन त्याचा दगड झाला असेल तर तो ब्रशने निघत नाही; त्यासाठी स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून दात साफ करून घेणे, हाच उपाय असतो.

स्केलिंगने दात ढिले होत नाहीत. दगडामुळे आतले हाड झिजलेले असते आणि दोन दातांमध्ये घट्ट बसलेला तोच दगड दातांना तात्पुरता धरून ठेवतो. तो काढल्यावर आधीपासून असलेले ढिलेपण जाणवते, सूज उतरल्याने फटी दिसू लागतात, आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. हे आधी समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे, आणि तेथेच आमच्याकडून कसूर होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. रक्तस्रावाबरोबर ताप असेल तर प्रश्न १९ आधी वाचावा.

५. उन्हाळाभर कोकम सरबत आणि कैरी चालू असते. दात आंबतात. काय सोडायचे?

काहीही कायमचे सोडायचे नाही. दात आंबणे म्हणजे आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग तात्पुरता मऊ होणे. तोंडातील पीएच (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात, आणि कैरी, आगळ (कोकमाचा रस), चिंच, लिंबू ही सारी त्याच्या बरीच खाली असतात. लाळ ही झीज भरून काढते, पण तिला वेळ लागतो. म्हणून सरबत घोटघोट करीत दिवसभर पिण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच प्यावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा ते एक तास ब्रश करू नये. मऊ झालेला थर ब्रशने निघून जातो, आणि ही चूक स्वच्छतेची काळजी घेणारी माणसेच अधिक करतात.

६. रात्री दाढ ठणकते आहे आणि दवाखाना सकाळीच उघडणार. तोवर काय करावे?

डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपावे. आडवे पडल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढून ठणका वाढतो. दाढेत अडकलेले अन्न कोमट मिठाच्या पाण्याने काढावे. प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल चालते, मात्र २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये, आणि यकृताचा आजार किंवा नियमित मद्यपान असल्यास त्याहून बरेच कमी घ्यावे. लवंगेच्या तेलातील युजेनॉलमुळे नस थोडी बधिर होते. कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब घेऊन तो फक्त दाढेच्या खड्ड्यात ठेवावा, कारण हिरडीला लागल्यास ती भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवल्याने पांढरी जखम होते, आणि तंबाखूची चिमूट, बाम, पेट्रोल किंवा बॅटरीतील पाणी यांनी होणारी इजा मूळ दुखण्यापेक्षा मोठी असते. सूज आलेल्या गालावर बाहेरून गरम शेक देऊ नये.

७. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेतले, सूज उतरली, दुखणेही गेले. आता दाखवायला हवे का?

होय, आणि शक्य तितक्या लवकर. दाढेतील नस मेली की ठणका थांबतो, पण जंतूंचे घर तसेच राहते. मेलेल्या नसेत रक्तपुरवठा नसल्यामुळे औषध तेथे पोहोचतच नाही. ते फक्त बाहेर पसरलेला संसर्ग काही दिवस मागे रेटते. पुढच्या वेळी सूज अधिक येते आणि तेच औषध कमी लागू पडते. नुसता ठणका असून सूज किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. उपचार म्हणजे दाढ उघडून घाण बाहेर काढणे, किंवा दाढच काढणे.

८. कोणत्या वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे?

हनुवटीखाली किंवा जबड्याखाली कडक सूज पसरत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, थुंकी गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तोंड उघडत नसेल, डोळा सुजून मिटत चालला असेल, किंवा दातदुखीबरोबर थंडी वाजून ताप येत असेल, तर ही दाताच्या दवाखान्याची वेळ राहिलेली नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली उतरला की काही तासांत श्वासाचा मार्ग आवळला जाऊ शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला आडवे न झोपवता बसवून ठेवावे, आणि जेथे भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात थेट न्यावे. घाटातून किंवा खाडी ओलांडून जायचे असेल तर निघण्याचा निर्णय आणखी लवकर घ्यावा. दाढ काढल्यावर अर्धा तास सतत दाबून धरूनही वाहते रक्त थांबत नसेल, तरी हाच नियम लागू आहे.

९. रूट कॅनाल करावे की दाढ काढून मोकळे व्हावे?

दाढेच्या भिंती शाबूत असतील आणि मुळाभोवतीचे हाड बरे असेल तर दाढ वाचवावी. काढलेल्या दाढेच्या जागी शेजारच्या दाढा कलतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते, आणि चावणे एका बाजूला जाते. रूट कॅनालमध्ये आतली मेलेली किंवा सडलेली नस काढून पोकळी स्वच्छ केली जाते आणि ती रबरासारख्या पदार्थाने बंद केली जाते. त्यानंतरची दाढ पोकरलेली असते, म्हणून मागच्या दाढांना सहसा कॅप लागते. ‘आता दुखत नाही, कॅप नंतर बघू’ म्हणून गेलेला रुग्ण काही महिन्यांनी भाकरीच्या कडेने किंवा सुपारीने उभी चिरलेली दाढ घेऊन येतो, आणि चीर मुळापर्यंत गेली असेल तर केलेला खर्च वाया जातो. ज्याला कॅपचा खर्च जमणार नाही त्याने ते आधीच सांगावे. अशा वेळी स्वच्छपणे दाढ काढणे हा निर्णयही योग्य असू शकतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

१०. वरची दाढ काढल्याने डोळे अधू होतात का?

नाही. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळी आहे. उलट वरच्या दाताचा पू तसाच राहिला तर संसर्ग डोळ्याभोवती पसरू शकतो. चाळिशीनंतर दाढाही निघतात आणि चष्माही लागतो, त्यातून ही समजूत रुजली असावी.

११. दाढ काढल्यावर काय पाळावे?

कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा आणि मध्ये काढून पाहू नये. त्या दिवशी चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ हीच जखमेची मलमपट्टी असते. मऊ भात, पेज आणि थंड ताक चालते. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चुळा भराव्यात. विडी, तंबाखू आणि मशेरी किमान तीन-चार दिवस पूर्ण बंद ठेवावी.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली आणि दुर्गंधी येऊ लागली, तर गाठ निघून हाड उघडे पडले आहे असे समजावे. गोळ्या वाढवून ते थांबत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात आणि त्याने लवकर आराम पडतो.

१२. हत्यारे स्वच्छ आहेत का, हे डॉक्टरांना विचारले तर त्यांना राग येणार नाही ना?

विचारावे. ज्याचे काम चोख आहे त्याला हा प्रश्न आवडतो. दातांच्या हत्यारांना रक्त लागते, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरू शकतो. हत्यारे आधी घासून धुवावी लागतात आणि नंतर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे ठेवावी लागतात. यंत्राच्या आणि वेष्टनाच्या प्रकाराप्रमाणे हा वेळ वाढतो. पातेल्यात उकळल्याने किंवा स्पिरिटमध्ये बुडवल्याने जंतूंचे बीजाणू मरत नाहीत.

रुग्णाने पाहायचे ते असे. हत्यारांची पारदर्शक पिशवी आपल्या डोळ्यांसमोर फाडली जावी. तिच्या कडेवरची खूण वाफेने रंग बदललेली असावी, आणि पिशवी कोरडी व न फाटलेली असावी. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातले कागदसुद्धा सर्द होतात, तेव्हा ओलसर पिशवीतील हत्यार निर्जंतुक धरता येत नाही. भुलीची सुई आणि सिरिंज प्रत्येकासाठी नवी असावी, हातमोजे आधीच्या रुग्णाचे नसावेत, आणि वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाताना दिसावी. हा डबा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे बंधनकारक आहे.

आता लाइट गेल्याचा प्रश्न. जून-जुलैत वारा सुटला की वीज जातेच, आणि ऑटोक्लेव्हचे चक्र मध्येच तुटले तर त्यातील हत्यारे पुन्हा पहिल्यापासून निर्जंतुक करावी लागतात. अशा दिवशी डॉक्टरांनी ‘आज दाढ काढत नाही, उद्या या’ असे सांगितले, तर दोन एसटी बदलून आलेल्या माणसाला ते जड जाते हे मला ठाऊक आहे, तरीही तो नकार रुग्णाच्याच हिताचा असतो. निघण्यापूर्वी एक फोन केल्यास फेरी वाचते.

१३. बाजाराच्या दिवशी एक माणूस तासाभरात ‘फिक्स दात’ बसवून देतो. स्वस्त पडतो. घ्यावेत का?

घेऊ नयेत. असे दात बहुधा जागेवरच घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने आणि तारेने शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवलेले असतात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सडते आणि आधाराचे दातही हलू लागतात. एका दाताच्या जागी पुढे तीन दात काढावे लागतात. कायद्यानुसार दातांचे उपचार करणाऱ्याची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर आणि चिठ्ठीवर असतो. खर्च परवडत नसेल तर शासकीय रुग्णालयांतील दंत विभाग आणि दंत महाविद्यालयांची रुग्णालये यांत काम बरेच कमी खर्चात होते. दक्षिण कोकणातील अनेक जण बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही जातात.

१४. मुलाची दुधाची दाढ किडली आहे. पडणारच आहे, मग उपचार कशाला?

पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. इतकी वर्षे मूल एका बाजूने जेवते, रात्री रडते, शाळा बुडवते. शिवाय दुधाची दाढ पक्क्या दाढेसाठी जागा राखून ठेवते.

याहून मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. सर्वांत मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते, आणि दात पडलेला नसल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते आणि आयुष्यभर पुरायची असते. आठव्या-नवव्या वर्षीच ती पोखरलेली घेऊन आलेल्या आईला ‘ही परत येणार नाही’ हे सांगणे आम्हाला फार अवघड जाते. मूल सहा वर्षांचे झाले की त्या चार दाढा तपासून त्यांच्या खाचा सीलंटने बंद करून घ्याव्यात.

१५. जांभळाच्या झाडावरून पडून मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. नारळपाण्यात ठेवून आणू का?

पक्का दात असेल तर तो पुन्हा बसू शकतो, आणि येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असेल तर दुधाने, आणि ते नसेल तर काही क्षण पाण्याच्या धारेखाली धुवावा. मूल शुद्धीवर आणि समजूतदार असेल तर दात लगेच खड्ड्यात सरळ बसवून स्वच्छ रुमालावर चावायला सांगावे. ते जमत नसेल तर थंड दुधात बुडवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, दंतवैद्याकडे पोहोचावे. नारळपाणी दारातच मिळते हे खरे, पण ते किंचित आम्लधर्मी असते. मुळावरच्या पेशींना दूध अधिक मानवते. नुसत्या पाण्यात किंवा कागदात गुंडाळून आणू नये. उलटी, गुंगी किंवा डोक्याला मार असेल तर आधी रुग्णालय गाठावे. दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत, कारण त्याने आतल्या पक्क्या दाताला इजा होते.

१६. तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो, तीही घरच्या बागेतली. तरी तोंड पूर्ण उघडत नाही आणि तिखट झोंबते. असे का?

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा आपल्याला रास्त अभिमान आहे, म्हणून हे लिहिताना जड जाते, पण सुपारी एकटीही हानिकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आत तंतूंचे जाळे घट्ट होत जाते, गाल पांढरट व चामड्यासारखा होतो, तिखट सोसत नाही, आणि तोंड आवळत जाते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील तर लगेच तपासून घ्यावे. सुपारी पूर्ण बंद केल्यास आजार पुढे जाण्याचा वेग कमी होतो, आणि व्यायाम व औषधांनी काही फरक पडतो, मात्र तोंड पूर्वीइतके उघडेलच असे नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही विशीतली मुले याच तक्रारीने येतात, हे अत्यंत क्लेशकारक आहे.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गालातली गाठ, कारण नसताना हलू लागलेला दात, किंवा मानेत न दुखणारी गाठ यांपैकी काहीही असेल तर मलम लावत बसू नये. तुकडा काढून तपासल्याने आजार पसरतो ही भीती निराधार आहे. निदान झाल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा जवळचे कर्करोग केंद्र येथे जावे. किरणोपचार ठरल्यास ते सुरू होण्यापूर्वी खराब दातांचा बंदोबस्त करून घ्यावा, कारण नंतर दाढ काढल्यास जबड्याचे हाड भरत नाही असे होऊ शकते.

१७. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. दाढ दुखते. बाळंतपणानंतर पाहिले तर चालेल का?

थांबू नये. चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारांसाठी सोयीचा काळ आहे, आणि संसर्ग असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करावेत. लिग्नोकेनची भूल चालते, आणि गरज असल्यास शिशाचे आवरण घालून एका दाढेचा एक्स-रेही काढता येतो. पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात, आणि टेट्रासायक्लिन घेऊच नये. शेवटच्या महिन्यांत खुर्चीत डाव्या कुशीवर थोडे कलून झोपावे.

१८. मधुमेह आहे, हृदयाची गोळीही चालू आहे. दाढ काढण्यापूर्वी काय थांबवावे?

स्वतःहून काहीही थांबवू नये. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. मधुमेही व्यक्तीने सकाळची वेळ घ्यावी, आणि नेहमीप्रमाणे न्याहारी व औषध घेऊनच यावे. ‘दाढ काढायची म्हणून उपाशी आलो’ या समजुतीपायी खुर्चीतच साखर उतरते.

रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बंद केल्याने होऊ शकणारा झटका हा हिरडीतून थोडे अधिक वाहणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी गंभीर असतो. ते रक्त दाबून आणि टाके घालून थांबवता येते. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम असेल तर शक्यतो आदल्या दिवशीचा आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठते हे दाखवणाऱ्या तपासणीचा, अहवाल आणावा. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांना, किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झालेल्यांना, दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकची एक मात्रा द्यावी लागते, म्हणून ही माहिती पहिल्याच भेटीत सांगावी.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एकदा सलाईनमधून दिले जाणारे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा सहा महिन्यांचे डेनोसुमॅब रुग्णाच्या लक्षातही नसते, कारण ती रोजची गोळी नव्हे. मात्र त्यानंतर दाढ काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे राहते. असे इंजेक्शन कधीही घेतले असेल तर तारखेसह सांगावे.

१९. ताप आहे आणि हिरड्यांतून आपोआप रक्त येते आहे. दातांच्या डॉक्टरांकडे यावे का?

नाही, आधी फिजिशियनकडे जावे. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही असतात, आणि ब्रश न लावता हिरड्यांतून रक्त येणे ही प्लेटलेट घटल्याची खूण असू शकते. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

ताप नसतानाही एक कारण आपल्या भागात विसरता येत नाही. कातळावर, गवत कापताना किंवा जांभ्याचा चिरा उचलताना काही चावले असेल आणि काही तासांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर ते फुरसे, म्हणजे एक विषारी साप, असू शकते. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्षमता जाते. चुळा भरीत वेळ न घालवता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे.

२०. तारलीचा काटा हिरडीत रुतला आहे. काढू का?

दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने किंवा दाताच्या दोऱ्याने, ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने मागे ओढावा. सेफ्टी पिनने किंवा माडाच्या हिराने उकरू नये. दोन दिवसांत टोचणे थांबले नाही किंवा सूज आली तर दाखवावे. काटा घशात असेल तर भाताचे गोळे न गिळता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

२१. गणपतीला गावी आलो आणि दाढ दुखू लागली. येथे रूट कॅनाल सुरू करून उरलेले मुंबईत करता येईल का?

करता येते, मात्र कागद नीट असले पाहिजेत. पहिल्या बैठकीत दाढ उघडून, आत औषध ठेवून, तात्पुरते सिमेंट लावले जाते; हे सिमेंट काही आठवडेच टिकते. निघताना एक्स-रे किंवा त्याचा मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटो, कोणत्या मुळांत काम झाले आणि आत कोणते औषध ठेवले याची चिठ्ठी घ्यावी. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत पुढची बैठक ठरवावी. शिमग्याला परत येईपर्यंत तसेच ठेवलेल्या दाढा आम्ही बहुधा काढूनच टाकल्या आहेत.

२२. आम्ही आठ-आठ दिवस बोटीवर असतो. समुद्रावर दाढ सुजली तर काय?

बोटीवरच्या पेटीत पॅरासिटामॉल, लवंगेच्या तेलाची छोटी बाटली, कापूस, गॉज आणि मीठ असावे, आणि त्यांचा वापर प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे करावा. प्रश्न ८ मधील कोणतेही लक्षण दिसल्यास जाळी भरण्याची वाट न पाहता बोट बंदराकडे वळवावी. हा निर्णय तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, घ्यायचा असतो, म्हणून ही लक्षणे त्याला आधीच माहीत असावीत.

खरा उपाय मात्र किनाऱ्यावर आहे. यांत्रिक मासेमारी साधारणतः १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि हेच दोन महिने दाढांच्या कामाला पुरतात. जाळी शिवण्याचे काम निघण्याआधी, जूनच्या पहिल्याच आठवड्यात खलाशांनी तपासणी करून घ्यावी. रूट कॅनाल, कॅपचे माप आणि कॅप बसवणे यांत दोन-तीन आठवडे जातात, आणि बसवलेली कॅप उंच लागत असेल तर ती घासून घ्यायला आणखी एक फेरी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्यांना आम्ही बहुधा तात्पुरते सिमेंटच देऊ शकतो, आणि ते घेऊन नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर गेलेल्या माणसाची दाढ ऑगस्टअखेर पुन्हा ठणकू लागते.